माहितगार आणि संशोधक : कोलामी अभ्यासाच्या निमित्ताने

कोलामी भाषेच्या अभ्यासाचा विचार करताना दोन ग्रंथांचा निर्देश अपरिहार्य ठरतो. सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामी व्याकरण १९५० मध्ये हैदराबाद येथून प्रसिद्ध झाले. मरे एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रकाशित केला. पगडी प्रशासकीय अधिकारी, तर एमेनो विद्यापीठीय भाषाशास्त्रज्ञ. दोघांची योग्यता निर्विवाद आहे. तथापि या ज्ञानव्यवहारात कोलामी बोलणारा मनुष्य माहितगाराच्या जागी बसला, ग्रंथकर्त्याच्या नव्हे. ही वाटणी पुढेही तशीच राहावी काय, हा प्रश्न भाषाशास्त्राइतकाच विद्यापीठीय न्यायाचाही आहे.

एमेनो यांना लाभलेला अवकाश येथे ध्यानात घ्यावयास हवा. १९३१ मध्ये येल येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९३५ ते १९३८ ही वर्षे त्यांनी भारतात क्षेत्रकार्यात घालविली; वर्धा परिसरातील कोलामीची सामग्री त्याच काळातील. १९४० मध्ये त्यांना बर्कले येथे अध्यापनपद लाभले. कोलामीचा ग्रंथ क्षेत्रकार्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी आला आणि तोडा भाषेचे व्याकरण तर १९८४ मध्ये. ही सर्व वर्षे एकाच कामात गेली असे अर्थातच नव्हे. पण स्थिर पदामुळे ते काम परिपक्व होईपर्यंत थांबू शकले, हे खरे.

आता यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनकडे पाहावे. झरी-जामणी तालुक्यातील हे गाव तेलंगणाच्या सीमेजवळ, माजरी-आदिलाबाद लोहमार्गावर वसले आहे. अलीकडे त्याची ओळख कोळसा आणि सिमेंट यांमुळे होते. परंतु याच तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. घरात कोलामी, शाळेत मराठी, बाजारात मराठीबरोबर तेलुगू, अशा भाषाव्यवहारात वाढलेला विद्यार्थी ज्या सामग्रीपर्यंत सहज पोहोचतो, तिच्यासाठी बाहेरच्या अभ्यासकास वर्षे खर्चावी लागतात. मात्र संशोधनाचे शास्त्र, इंग्रजी संदर्भसाहित्य आणि अमरावतीचे विद्यापीठ त्याच्यापासून दूर असतात. बाहेरच्या अभ्यासकाला पोड दूर, पोडावरच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय दूर. पहिल्या अंतरास क्षेत्रकार्य म्हणून मान मिळतो, दुसरे मात्र उणेपणात जमा होते.

नियमांत सहानुभूती मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात. स्त्रिया आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले विद्यार्थी यांना त्याहून दोन वर्षे अधिक मिळू शकतात. स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना प्रवेशाच्या गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. या तरतुदी स्वागतार्ह होत. परंतु गुणांची सवलत दारापाशीच संपते. आत आल्यावर जी भाषा कधी फारशी लिहिली गेली नाही, तिचे ध्वनिमुद्रण, लेखन आणि शब्दसंग्रह यांसाठी लागणाऱ्या श्रमांचे मोल कोणी करावयाचे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

मुदतीची मर्यादाच अन्यायकारक आहे, असे म्हणणे मात्र उथळपणाचे ठरेल. मुदत नसेल तर विद्यार्थी मार्गदर्शकाच्या मर्जीवर वर्षानुवर्षे अडकून पडतो आणि त्याचा फटका निर्धन विद्यार्थ्यालाच प्रथम बसतो. म्हणून मुदत असावी; पण मोजमाप बदलावे. संपादित संहिता, शब्दकोश आणि ध्वनिमुद्रित संग्रह यांना निबंधाइतकेच मोल नेमणुकीच्या व पदोन्नतीच्या वेळी मिळावे. मूळ भाषकाने सामग्रीचे विवरण केले असेल, तर ऋणनिर्देशाऐवजी त्याचे नाव कर्तृत्वात नोंदवावे. आणि अधिछात्रवृत्ती संपल्यावर पोडावरून आलेल्या संशोधकास तासिका तत्त्वावरील अनिश्चित कामाखेरीज दुसरी वाट दिसावी.

२०११ च्या जनगणनेनुसार कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून अधिक होते. एवढ्या लोकांच्या भाषेचे पुढचे व्याकरण मुकुटबनच्या परिसरातील एखाद्या पोडावर वाढलेल्या अभ्यासकाने लिहिणे अशक्य नाही. तसे घडले तर पगडी आणि एमेनो यांचे श्रम व्यर्थ ठरणार नाहीत. त्यांच्या निष्कर्षांना प्रथमच भाषेच्या आतून तपासणारा वाचक मिळेल. विद्यापीठाने त्याला केवळ प्रवेश देऊन थांबू नये. व्याकरण पुरे होईपर्यंत त्याला संशोधक म्हणून टिकू द्यावे.