धर्मांतराची कहाणी कोणी सांगावी?

दिवाळीच्या अंकात धर्मांतराचा विषय कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. फराळाचे ताट पुढे असताना बाप्तिस्मा आणि दीक्षा यांच्या गोष्टी काढणे त्याला औचित्याला सोडून वाटेल. पण घरातले माणूस धर्म सोडून गेले, की त्या घराला पहिली जड जाते ती दिवाळीच. पंगतीत एक पाट कमी मांडावा लागतो, भाऊबीजेचे एक निरांजन तसेच राहते, आणि गेलेल्याचे नाव काढावे की काढू नये हे कोणालाच उमगत नाही. वादविवाद सभेत होतात. त्यांची किंमत माजघरात मोजावी लागते. म्हणून हा विषय घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या अंकातच यावा, असे मला वाटते.

माझा अधिकार बेताचा आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटाचा धंदा मास्तरकीचा आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. कोणता धर्म श्रेष्ठ हे मी सांगणार नाही, आणि सांगितले तरी कोणी ऐकू नये. परंतु माणूस आपल्या वागण्याचे जे कारण सांगतो ते, आणि त्याच्या वागण्यातून जे दिसते ते, या दोहोंतले अंतर न्याहाळणे हा कादंबरीकाराचा नित्याचा उद्योग आहे. त्या नजरेने मराठी माणसांच्या धर्मांतराच्या काही कथा मी वाचल्या, आणि मनात एक प्रश्न आला. ही कहाणी खरी कोण सांगू शकतो? जाणारा, की मागे राहिलेला?

आपल्या जुन्या वाङ्मयाकडून याचे उत्तर मिळत नाही. फलटणच्या बजाजी निंबाळकरांना पुन्हा स्वधर्मात घेतल्याची कथा आमच्या साताऱ्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शिवाजीमहाराजांनी आपली कन्या सखुबाई बजाजींच्या मुलाला दिली, हेही आपण अभिमानाने सांगतो. नेतोजी पालकर १६७६ साली परत आले, हे शाळेतली मुलेसुद्धा जाणतात. पण त्या दोघांच्या मनात जाताना काय होते आणि येताना काय होते? इतिहासाने घटना नोंदवली, मन नोंदवले नाही. 'मी धर्म का सोडला' हे स्वतःच्या तोंडाने सांगण्याची रीत मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, आत्मचरित्राबरोबर.

या रीतीचे एक आद्य पुरुष म्हणजे बेळगावचे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ चा, बाप्तिस्मा १८५४ चा. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक. त्याचे मोल मी कमी मानत नाही. देवभोळ्या घरातला एक मुलगा, मिशनच्या शाळा, आणि दोहोंमध्ये चाललेली ओढाताण यांचे त्यात आलेले वर्णन त्या काळचा उत्तम दस्तऐवज आहे. तथापि त्या पुस्तकाचा सारा ओघ बाप्तिस्म्याच्या दिशेने वाहतो. नावच पाहा ना. अरुणोदय म्हटले की आधीचे सारे अंधारात जाते. लेखक मागे वळून पाहतो तेव्हा प्रत्येक लहानसहान प्रसंग त्याला पहाटेची खूण वाटू लागतो. यात लबाडी नाही. मुक्कामाला पोचलेल्या माणसाला सगळ्या वाटा तिकडेच जात होत्या असे वाटते, एवढेच. बाबांच्या 'यमुनापर्यटन' या १८५७ च्या कादंबरीतही हेच घडते. विधवांची दैना त्यांनी कळवळ्याने मांडली, पण यमुनेने शेवटी ख्रिस्ती व्हायचे हे लेखकाने पहिल्या पानाआधीच ठरवलेले दिसते. मग पात्रे बोलण्याऐवजी पुरावे देऊ लागतात. कारण ठळक होते आणि माणूस पुसट होतो.

याच्या अगदी उलट जातीचे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि तेव्हापासून आजवर मराठी वाचकाने त्याला अंतर दिलेले नाही. त्यातला विनोद, त्यातला प्रांजळपणा, घरगुती भाषेची लज्जत यांवर टीकाकारांनी भरभरून लिहिले आहे. ते सारे खरेच आहे. पण मला या पुस्तकाचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत दिसतो. धर्मांतरावरचे मराठीतील सर्वांत विश्वासू पुस्तक हेच, आणि त्याचे कारण असे की ते जिला सोडून नवरा गेला तिने लिहिले आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले, पर्वतावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. टिळकांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले असते तर ती आगगाडी त्याचे मुख्य प्रकरण ठरली असती. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मात्र मुख्य प्रकरण वेगळेच आहे. पदरी लहान मूल, सासर तुटलेले, माहेरचे लोक रडतही आहेत आणि रागावतही आहेत, आणि ज्याने हे केले तो माणूस पत्रांतून प्रेमच करतो आहे. नवऱ्याने असे का केले हे त्या वेळी आपल्याला कळले, असा आव त्या आणत नाहीत. कळले नाही तर कळले नाही म्हणतात. हा प्रामाणिकपणा तत्त्वज्ञानाच्या दहा ग्रंथांत सापडणार नाही.

मौज अशी की कारणाची फोड न करताच त्या ते आपल्याला दाखवून जातात. या गृहस्थाचा पाय घरात ठरत नाही. न सांगता तो कुठेही निघून जातो. हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि घरात काय शिजणार याची फिकीर बायकोवर सोडतो. त्याचा रागही दांडगा आणि मायाही दांडगी. शे-दोनशे पाने वाचल्यावर आपल्याला आपोआप वाटू लागते, की ज्याला वस्तू जपून ठेवता येत नाहीत तो वाडवडिलांचा धर्म तरी केवळ वाडवडिलांचा म्हणून कसा जपणार? सगळे तपासून पाहिल्यावाचून राहवेना, हाच त्याचा पिंड. आगगाडी निमित्त झाली.

आणि मग येते लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तन. ते नवऱ्याच्या मागोमाग झाले असे समजणे ही मोठी चूक आहे. त्या टिळकांकडे परत आल्या त्या आपले सोवळे सांभाळून. टिळकांनीही त्यांना कधी सक्ती केली नाही. उलट त्यांचे सोवळे मोडणार नाही अशी तजवीज केली. इथे वाचकाने पुस्तकाची पहिली पाने आठवावीत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे अक्षरशः वेड होते. धुतल्यावाचून घरात काही घ्यायचे नाही, असा त्यांचा खाक्या. त्या पाण्याच्या धाकात ही मुलगी वाढली. अशा बाईच्या मनात एके दिवशी प्रश्न उभा राहतो, की जातिभेद देवाने केला की माणसाने? जनावरांच्या जाती दिसण्यात वेगळ्या असतात. माणसांत तसा फरक कुठे आहे? आणि कोणाचा उपदेश नसताना ती ठरवते, की आता कोणाच्याही हातचे खायचे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे पाचेक वर्षे नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू असा संसाराचा विलक्षण पेच होता, आणि तो सुटला स्वयंपाकघरात. देवाच्या स्वरूपावरचा वाद त्यात कुठेच नव्हता. हे कारण बाईंनी ठासून सांगितलेले नाही, म्हणूनच ते पटते.

आता आमच्या गावाचा संबंध येतो. धर्म बदलणाऱ्यावर आपला समाज एक ठरावीक आरोप करतो, की पोटासाठी बाटला. टिळकांवरही तो झाला. त्याचे उत्तर त्यांनी लेखात दिले नाही, साताऱ्यात दिले. वीस-बावीस वर्षे ज्या अमेरिकन मिशनशी नाते होते, त्या मिशनची नोकरी १९१७ साली त्यांनी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी त्यांना तिथे एकत्र हवे होते. तुकोबांवाचून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलोच नसतो, असे मानणारा हा माणूस. त्याला देवळाचे कुंपण नको होते, तसेच चर्चचेही नको होते. पगार सोडून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी येऊन बसलेल्या माणसाला पोटासाठी बाटला म्हणणे कठीण आहे. पुढे दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ टिकला नाही. पण कारण खरे होते की खोटे हे बाप्तिस्म्याच्या दिवशी कळत नाही, पुढच्या वर्षांत कळते, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. स्वार्थासाठी गेलेला माणूस पोचल्यावर प्रश्न विचारायचे थांबतो. टिळक थांबले नाहीत.

पंडिता रमाबाईंचेही तेच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पतित म्हणून टाकलेल्या बायकांची तिथल्या भगिनी मायेने सेवा करतात, हे पाहून आपले मन वळले, असे त्यांनी नमूद केले आहे. परंतु ज्या भगिनींनी त्यांना ख्रिस्ती केले त्यांच्याशीच त्यांचा पत्रव्यवहारातून खडाजंगी वाद चालला. धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानायला त्या तयार नव्हत्या. इकडे पुण्याला आपले लोक त्यांना परधर्माच्या हस्तक समजत होते, आणि तिकडे नव्या धर्माचे अधिकारी त्यांना हट्टी म्हणत होते. दोन्हीकडून दोष लागणे हीच त्यांच्या कारणाच्या खरेपणाची साक्ष.

येथवर ज्यांच्या गोष्टी आल्या त्यांतल्या टिळक पतिपत्नी आणि रमाबाई उच्चवर्णीय होत्या. त्यांना धर्म सोडताना काही गमवावे लागले. ज्याला त्या धर्माने काही दिलेच नव्हते त्याचे कारण कसे असेल? याचेही उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. त्यांच्या आठवणींची एक इंग्रजी पुस्तिका त्यांच्या मागे १९९० साली प्रसिद्ध झाली. तीत १९०१ मधला एक प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर. त्यांना भेटायला ही मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नाही. आधी आपुलकीने चौकशी करणारा स्टेशनमास्तर जात कळताच मागे सरला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर. बरोबर जेवणाचा डबा होता. प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली.

या आठवणीत धर्मांतराचा शब्द नाही. १९३५ ची येवल्याची घोषणा नाही, १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर नाही. ते सारे पुढचे. आणि त्या दोन तारखांमध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आहे, हे विसरता कामा नये. पण मसूरचा तो भरलेला डबा मिटल्यावर वाचकाला दुसरे कारण विचारावेसे वाटत नाही. लेखक म्हणून मला या साधेपणाचा हेवा वाटतो. लक्ष्मीबाईंच्या माहेरी पाण्याने सगळे धुतले जात होते, आणि इकडे मुलांना तेच पाणी घोटभर मिळत नव्हते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे एकाच रूढीच्या दोन बाजू दिसतात.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. धर्मांतराची कहाणी जाणाऱ्याने सांगावी की राहिलेल्याने, या प्रश्नाला एक उत्तर नाही. पण ज्याला कोणाला पटवायचे नाही त्याने ती सांगावी, हे मात्र खरे. 'अरुणोदया'ला आपल्याला पटवायचे आहे, म्हणून आपण त्याच्याशी वाद घालत बसतो. लक्ष्मीबाईंना नुसते आठवायचे आहे, म्हणून आपण त्यांच्याबरोबर रडतो आणि हसतो. आपल्या कादंबरीकारांनी हा धडा अजून पुरता घेतलेला नाही. आमच्या कादंबऱ्यांत धर्म बदलणारे पात्र एक तर हुतात्मा होते, नाही तर फितूर. त्याच्या आईच्या, बायकोच्या, धाकट्या बहिणीच्या तोंडून ती गोष्ट आम्ही फारशी ऐकत नाही.

आणि वाचकांना एक विनंती. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कोणी धर्म बदलला, कोणी सोडला, कोणी देवच मानीनासा झाला, म्हणजे आपण पहिला प्रश्न 'का?' असा विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता ते स्वतःच ठरवून टाकतो. त्याऐवजी या दिवाळीच्या सुटीत 'स्मृतिचित्रे' घरात मोठ्याने वाचावी. आजीने वाचावी, नातवंडांनी ऐकावी. एकाच घरात दोन धर्म, दोन चुली आणि एक संसार कसा राहू शकतो, हे त्या बाईने आपल्या हयातीत करून दाखवले आणि मग लिहिले. नवऱ्याचे कारण कळायला तिला वर्षे लागली. पण ते कळेपर्यंत तिने त्याला वाईट ठरवून टाकले नव्हते. एवढे धैर्य आपल्यालाही जमले, तर भाऊबीजेचे ते निरांजन तसेच ठेवण्याची पाळी पुष्कळ घरांवर येणार नाही.