‘आज्ञापत्रा’तील विध्यर्थ आणि लष्करी शिक्षणाची गुणवत्ता

लष्करी शिक्षणाच्या चर्चेत ‘गुणवत्ता-व्यवस्थापन’ हा शब्द आता रूढ झाला आहे. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘आयएसओ ९००१’ हे मानक त्याचे मूळ मानले जाते. काम ठरलेल्या रीतीने झाले याची नोंद आणि ते करणाऱ्याच्या योग्यतेचा पुरावा, एवढे त्याचे मागणे. हे मागणे मराठी गद्याने पूर्वीच केलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले, १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण वाचतो. त्यातील दुर्गप्रकरण शिक्षणग्रंथ म्हणूनही वाचावयास हवे.

दारूखान्याचा परिच्छेद पाहावा. तो वस्तीला लागून नसावा, त्याभोवती कुसू असावे, मालास सर्दी लागू नये, हे झालेच. महत्त्वाचे पुढेच आहे: आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावा. येथे कर्ता आहे, मुदत आहे, आणि मोहोर म्हणजे नोंदही आहे. शिवाय क्रियापद ‘-त जावे’ या रूपात येते. ‘करावे’ ही आज्ञा एकदा पाळली की संपते. ‘करीत जावे’ ही कधीच संपत नाही. रीत अंगी बाणविण्याचे काम येथे प्रत्ययानेच केले आहे.

याउलट आपले आजचे कार्यालयीन मराठी. ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ या वाक्यात कोणी, केव्हा, किती, यांपैकी एकाचेही उत्तर नाही. अशा वाक्यांतून दिलेल्या शिक्षणाची गुणवत्ता मोजावयाची तरी कशी? भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना अनेक दशके स्फोटके तयार करीत आला आहे, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात किमान आठ जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेच्या कारणांचा निर्णय भाषाशास्त्राने देण्याचे कारण नाही. परंतु ज्या कामात एका सूचनेचा अर्थ प्राणावर बेतू शकतो, त्या कामाची सूचना निर्कर्तृक असू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार भाषाशास्त्राला निश्चितच आहे.

‘कवायत’ या शब्दाचा इतिहासही येथे बोलका ठरतो. मूळ अरबी ‘कवाइद’ म्हणजे नियम. उर्दूत त्याचा अर्थ व्याकरण असाही होतो. मराठीने मात्र त्यातून पावलांची हालचाल तेवढी उचलली व नियम मागे ठेवला. एका तालात पडणारी पावले पाहून शिक्षण उत्तम झाले असे मानण्याची आपली खोड या अर्थसंकोचाशी अगदीच असंबद्ध नसावी.

तथापि ‘आज्ञापत्रा’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. माल केव्हा तपासावा हे तो परिच्छेद सांगतो. बिघडलेली दारू ओळखावी कशी, हे सांगत नाही. ती पारख हवालदाराच्या ठायी आहेच असे लेखक गृहीत धरतो. मुदत लिहून देता येते, मोहोर तपासता येते. ही पारख मात्र कोणी कोणास, किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत शिकविली, याविषयी ग्रंथ मूक आहे. आजच्या प्रशिक्षण-पुस्तिकांची परीक्षा नेमकी याच जागी सुरू व्हावयास हवी.