खर्जाची जागा

महागडे नॉइज कॅन्सलिंग इअरबड पारखायचे असतील, तर त्यात आधी तानपुरा ऐकावा. गाणं नंतर. नुसता तानपुरा, सुरात लागलेला, जवारी खुललेली. आणि तोही घरात बसून न ऐकता धावत्या गाडीत ऐकावा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला, तर त्याची कंपनं सेकंदाला १३९च्या आसपास येतात आणि खर्जाच्या तारेची त्याच्या निम्मी, जवळपास ६९. चाकांची, एसीची, विमानाच्या केबिनची घरघरही मुख्यतः याच मुलखात नांदते. म्हणून साध्या इअरफोनवर प्रवासात पंचम ऐकू येतो, जोडाच्या तारा ऐकू येतात, खर्ज मात्र गाडीच्या आवाजात विरघळून जातो. चांगल्या इअरबडमध्ये ती घरघर बाजूला होते आणि खर्ज आपल्या जागी येऊन बसतो. इतक्यावरच भागत नाही. कानाचा स्वभाव असा, की खालचा गोंगाट वरच्या सुरांनाही झाकतो. त्यामुळे खालचा पट्टा मोकळा झाला की घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने उठणारे जवारीचे वरचे सूरही उजळतात. आवाजाची पातळी तीच ठेवून सुरांची श्रीमंती वाढावी, ही या यंत्राची पहिली करामत.

ध्वनीने ध्वनी मिटवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना १९३६ साली तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्यातली आकृती आजही पाहावी अशी आहे: नळीतून येणारी लहर, वाटेत मायक्रोफोन, पुढे स्पीकर, आणि मूळ लहरीच्या बरोबर उलटी दुसरी लहर. एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा. पुढे १९७८मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना हेडफोनवरचं संगीत विमानाच्या घरघरीत बुडतंय हे पाहून अमर बोस यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. तोही दोन्ही कान झाकणारा, चांगला ऐसपैस. आज तेच काम पाच-सहा ग्रॅमच्या बोंडात होतं. ल्यूग यांच्या आकृतीतल्या नळीची जागा आता आपल्या कर्णनलिकेनेच घेतली आहे, हे लक्षात आलं की त्या जुन्या रेखाटनाचं कौतुक दुणावतं.

या कामातला खरा ताल वेळेचा आहे. हवेतून एक सेंटिमीटर जायला ध्वनीला साधारण २९ मायक्रोसेकंद लागतात. बाहेरच्या मायक्रोफोनने आवाज टिपायचा, चिपने तो उलटा करायचा आणि स्पीकरने सोडायचा, हे सगळं तेवढ्याच चिंचोळ्या अवधीत उरकावं लागतं. समजा, हिशेब ३० मायक्रोसेकंदांनी चुकला. सेकंदाला १०० कंपनांच्या घरघरीत ही चूक जेमतेम एक अंशाची. लहर जवळपास पुसली जाते. ५,००० कंपनांच्या आवाजात तीच चूक ५४ अंशांची होते. ६० अंशांवर उलट्या लहरीचा उपयोग शून्य, आणि त्यापुढे ती गोंगाटात भरच घालते. म्हणून जाणते इअरबड उंच आवाजांच्या वाटेला फारसे जात नाहीत. चहाच्या कपबशांचा खणखणाट किंवा शेजारच्या बाकावरचं बोलणं उलटी लहर बऱ्याच अंशी तसंच सोडून देते. बोलणं ऐकू आलं म्हणून निराश होणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आपला प्रांत कुठे संपतो हे ओळखून तिथेच थांबणारं यंत्र मला फार आवडतं.

मग त्या उंच आवाजांना अडवतं कोण? कानात बसणारी ती छोटीशी इअरटिप. सगळं लक्ष चिपकडे जातं, पण निम्मी लढाई इथे जिंकली जाते. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम४ आणि एक्सएम५ या इअरबडना पॉलियुरेथेन फोमच्या टिप मिळतात. बोटात दाबून बारीक करायची, कानात सरकवायची आणि क्षणभर धरून ठेवायची. ती हळूहळू फुगत कानाच्या भिंतींना टेकते आणि जग एक पायरी मागे सरकतं. अॅपलच्या एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीने सिलिकॉन निवडलं. ते फोमइतकं अडवत नाही, पण चटकन बसतं, चटकन निघतं आणि पुसलं की स्वच्छ होतं. दिवसातून अनेकदा काढ-घाल करणाऱ्याला हेच सोयीचं. दोन्हींत बसणूक नीट झाली आहे का, हे डग्ग्यावरून कळतं. टिप जराशी जरी सैल राहिली, तरी डग्ग्याची घुमार पातळ होते आणि घरघरही परत येते, कारण खालचे सूर आणि घरघरीला मिटवणारी लहर एकाच फटीतून निसटतात. एका फटीने दोन गुण जावेत आणि एका योग्य मापाने दोन्ही परत यावेत, इतका हा नाजूक जुळाव आहे.

बाहेरच्या मायक्रोफोनला येणारा आवाज कळतो. कानाच्या पडद्यापर्यंत काय पोचलं, ते त्याला कळत नाही. त्यासाठी आतल्या बाजूला आणखी एक मायक्रोफोन बसवतात, जो उरलेल्या आवाजाची तपासणी करून दुरुस्ती सुचवत राहतो. एक्सएम५मध्ये प्रत्येक कानात असे आतले मायक्रोफोन दोन आहेत. बोसने वेगळा मार्ग धरला. क्वायटकम्फर्ट अल्ट्रा इअरबड कानात घातले की एक छोटीशी सुरावट वाजते. स्वागताची धून वाटावी अशी, पण ती मोजणी असते: कानाच्या पोकळीतून हा आवाज कसा परततो ते आतला मायक्रोफोन ऐकतो आणि त्यावरून शांतताही बेतली जाते, संगीताचा पोतही. दोन माणसांचे कान सारखे नसतात; एकाच माणसाचे दोन कानही नसतात. मैफलीआधी गायक तानपुरा मिळवून घेतो, तसं हे यंत्र दर वेळी ऐकणाऱ्याचा कान मिळवून घेतं. क्षण-दोन क्षणांच्या त्या सुरावटीत केवढं सौजन्य आहे!

आता वजनाचा व्यवहार पाहू. एक्सएम४चा एकेक इअरबड ७.३ ग्रॅमचा होता, एक्सएम५चा ५.९ ग्रॅमचा. कागदावर हा फरक दीड ग्रॅमचाही भरत नाही. पण तासाभराने कानाच्या पाळीला विचारावं. वजन घटूनही नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून आठ तास चालण्याचा आकडा कंपनीने तोच राखला. एअरपॉड्स प्रो २ आणखी हलके, ५.३ ग्रॅमचे, पण त्यांचा अवधी सहा तासांचा. बोसचाही सहा तासांचाच, आणि आवाज समोरच्या मंचावरून येतोय असा भास देणारी त्यांची इमर्सिव्ह सोय चालू केली की तो चारावर येतो. म्हणजे भास हवा तर दोन तास मोजायचे. दांडीचाही असाच हिशेब आहे. अॅपलची खाली उतरणारी दांडी मायक्रोफोनला तोंडाजवळ नेते, फोनवरचं बोलणं सुधारते आणि चिमटीत धरायला जागा देते. सोनीने दांडी टाळली आणि बोलणाऱ्याच्या हाडांतून येणारी कंपनं टिपणारा सेन्सर बसवला. प्रश्न एक, उत्तरं दोन, आणि दोन्हींमागे विचार दिसतो.

संगीत फोनमधून कानापर्यंत कसं येतं, हाही देवघेवीचाच मामला. सीडीवरचं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट मागतं. ब्लूटूथवर एवढी माहिती सुखाने मावत नाही. सोनीचं एलडॅक, म्हणजे संगीत आटवून पाठवण्याचं तंत्र, ९९० किलोबिटपर्यंत पोचतं, पण त्यासाठी फोनही ते बोलणारा हवा, आणि आयफोन ते बोलत नाही. शिवाय दादरसारख्या गर्दीच्या स्टेशनात, जिथे शेकडो उपकरणं एकाच रेडिओपट्ट्यात कुजबुजत असतात, तिथे एलडॅक स्वतःहून ६६० किंवा ३३०वर उतरतं. गाणं तुटण्यापेक्षा बारकावे थोडे कमी झालेले बरे, हा त्यामागचा विचार. अॅपल वापरतं ते एएसी आकड्यांत लहान, पण आयफोनशी त्याचं सूत पक्कं. विलंबित ख्यालात स्वर सोडताना गायिकेचा श्वास किती रेंगाळतो, मींड कुठल्या श्रुतीला हलकेच शिवून जाते, हे ऐकायचं असेल तर एलडॅकचा फायदा शांत जागी जाणवतो. धावत्या लोकलमध्ये तो शोधू नये. कुठला गुण कुठे दिसतो, हे ठाऊक असणं हाही आस्वादाचाच भाग.

शांततेइतकीच मोलाची आहे ती मोडण्याची सोय. ट्रान्स्परन्सी चालू केली की बाहेरचे मायक्रोफोन जगाला आत घेतात आणि ‘पुढील स्टेशन’ची घोषणा इअरबड न काढता ऐकू येते. खरं कसब मात्र स्वतःच्या आवाजाशी आहे. कान बुजवले की आपलं बोलणं घागरीतून आल्यासारखं घुमतं, पावलांची धपधप डोक्यात वाजते. उत्तम इअरबड हवेला छोटीशी वाट ठेवून आणि आतल्या मायक्रोफोनच्या मदतीने ही घुमार उतरवतात. या बाबतीत अॅपलचं काम देखणं आहे. आपला आवाज आपल्यालाच ओळखीचा वाटतो. याच पायावर पुढची इमारत उभी राहिली: २०२४मध्ये एअरपॉड्स प्रो २मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी. आवाज मिटवायला निघालेलं यंत्र कमी ऐकू येणाऱ्याच्या मदतीला यावं, इतकी मोठी झेप या देवघेवीतूनच शक्य झाली.

या साऱ्यात एक किंमत पंचवीस हजारांच्या बिलावर छापलेली नसते. एवढ्या लहान जागेत कोंबलेली लिथियम-आयन बॅटरी दर चार्जिंगला थोडी थोडी झिजते, आणि बहुतेक इअरबडमध्ये ती बदलण्याची सोय नसते. मिरजेच्या कारागिराकडे तानपुरा नेला की तार बदलून मिळते, जवारी पुन्हा निघते, वाद्य पुढच्या पिढीच्या हाती जातं. इअरबडचं आयुष्य मात्र एका इवल्या सेलला बांधलेलं. फेअरफोन कंपनीने २०२४मध्ये फेअरबड्समध्ये ग्राहकालाच बदलता येतील अशा बॅटऱ्या दिल्या. म्हणजे हे अशक्य नाही. पारखणाऱ्याने आवाजाइतक्याच आग्रहाने ही मागणी करायला हवी.

तरीही दुसऱ्या पारड्यात एक मोठी गोष्ट पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. घरघरीवर मात करायला आवाज चढवणारा रसिक नकळत आपलाच कान खर्ची घालत असतो. घरघरच मिटली, तर ती पाळी येत नाही. पण प्रत्येक यंत्र काही देतं, काही घेतं; म्हणून निवड करताना आधी आपण काय सोडू शकतो ते ठरवावं. दिवसभर माणसांत वावरणाऱ्याने अॅपल घ्यावं, थोडी शांतता सोडावी. लांबच्या विमानप्रवासाला बोस घ्यावं, दोन तास सोडावेत. मी फोमच्या टिपवाली सोनी घेईन आणि पटकन काढ-घाल करण्याची सोय सोडून देईन, कारण विलंबित ख्याल तासभर ऐकायचा तर मला तो कमीत कमी आवाजात, पुरा ऐकायचा आहे, आणि पुढची अनेक वर्षं ऐकत राहायचा आहे.