‘वीज जमिनीत जाते’ या वाक्याची तपासणी

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामांच्या प्रकरणात घरगुती विद्युत परिपथांवर एक छोटासा भाग आहे. हिरव्या आवरणाच्या तारेचे काम तेथे दोन-तीन वाक्यांत सांगितले आहे. ही तार घराजवळ जमिनीत खोल पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडलेली असते, ती धारेला कमी रोधाचा मार्ग देते, त्यामुळे उपकरणाच्या धातूच्या आवरणाचे विभव जमिनीइतकेच राहते आणि हात लावणाऱ्याला जोराचा धक्का बसत नाही, असा त्याचा आशय. आपल्या वर्गांत तो आणखी आटोपशीर होऊन फळ्यावर उतरतो: ‘जादा वीज जमिनीत जाते.’ परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे आणि एका महत्त्वाच्या मुद्द्यावर चक्क चुकीचे आहे.

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला या वाक्यावर दोन प्रश्न पडायला हवेत. पहिला, आमच्या घराजवळ जमीन आहेच कुठे? दुसरा जास्त अवघड आहे: वीज जमिनीत ‘जाते’ म्हणजे कुठे जाते? परिपथ पूर्ण झाल्याशिवाय धारा वाहत नाही, असे त्याला विद्युत प्रकरणात शिकवलेले असते. मग येथे एकच टोक जोडून ती कशी वाहते? जमीन ही विजेची मोरी आहे काय?

उत्तर सोसायटीच्या आवारात, कोपऱ्यातल्या जाळीच्या दारामागे असते. तेथे वीज कंपनीचे रोहित्र असते. अंधेरीत कंपनी अदानी असेल, मुलुंडमध्ये महावितरण, पण व्यवस्था सारखीच. रोहित्राच्या कमी दाबाच्या बाजूचा न्यूट्रल बिंदू मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी अशा दोन स्वतंत्र जोडण्या मागितल्या होत्या. त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे नियम आले. गीझरच्या आवरणावर आलेली धारा जमिनीत विसावण्यासाठी जात नाही. ती जमिनीतून किंवा तारेतून त्या न्यूट्रलकडे परत निघालेली असते. न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच नसता, तर पहिल्या बिघाडाच्या वेळी जमिनीत म्हणण्यासारखी धारा गेलीच नसती. मग तो जोडतात कशाला? कारण रोहित्राच्या आत उच्च दाबाचे वेटोळे कमी दाबाच्या वेटोळ्याला टेकले, किंवा वीज कोसळली, तर घराघरांतील तारांचे विभव हजारो व्होल्टांवर चढू नये. हे सांगायला पुस्तकात चार ओळी पुरल्या असत्या. आकृतीत रोहित्र काढले असते तर त्याही लागल्या नसत्या.

आता ‘कमी रोधाचा मार्ग’ हे शब्द पाहू. तीन मीटर लांबीचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा नळ जमिनीत उभा ठोकला आहे असे समजा. अशा नळाचा जमिनीशी रोध काढण्याचे सूत्र असे: जमिनीच्या विशिष्ट रोधाला दोन पाय गुणिले लांबीने भागायचे आणि येणाऱ्या उत्तराला (चार गुणिले लांबी भागिले व्यास) या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमने गुणायचे. विशिष्ट रोध ५० ओहम-मीटर धरला तर पहिला भाग २.६५ येतो, ३०० चा लॉगरिथम ५.७ येतो, म्हणजे रोध सुमारे १५ ओहम. हा आकडा काही वाईट नव्हे. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात तो पुष्कळ कमी येईल. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारख्या काळ्या पाषाणात विशिष्ट रोध शेकडो ओहम-मीटरवर जातो आणि नळाचा रोधही त्याच प्रमाणात वाढतो. एकाच उपनगरात दोन-तीन किलोमीटरच्या अंतरावर इतका फरक पडतो. मीठ आणि कोळसा घातलेल्या खड्ड्यावर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. त्याने नळाजवळच्या मातीचा रोध कमी होतो हे खरे, पण मीठ दर पावसाळ्यात वाहून जाते आणि नळ गंजवते तो भाग वेगळा.

आपण १५ ओहमच घेऊ. रोहित्राच्या जमीन-जोडणीचा रोध २ ओहम धरू. गीझरच्या आत फेजची तार सुटून आवरणाला टेकली. एकूण रोध १७ ओहम, विभवांतर २३० व्होल्ट, म्हणून धारा साडेतेरा ॲम्पिअर. गीझरच्या परिपथावर सी प्रकारची १६ ॲम्पिअरची एमसीबी आहे. ती तत्क्षणी पडायला ८० ते १६० ॲम्पिअर लागतात. साडेतेरा ॲम्पिअर तर तिच्या नेहमीच्या मर्यादेतच बसतात. गीझरची स्वतःची नऊएक ॲम्पिअर धारा त्यात मिळवली, तरी ती पडायला कित्येक मिनिटे लागतील, कदाचित तास उलटेल. दरम्यान गीझरच्या आवरणाचे विभव किती? साडेतेरा गुणिले पंधरा, म्हणजे दूरच्या जमिनीच्या तुलनेत २०० व्होल्टांहून अधिक. पुस्तक म्हणते ते जमिनीइतके राहते. आपल्या गणितात, ‘अर्थिंग केलेले’ असूनही, ते फेजच्या जवळ गेले आहे. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात, ओल्या अंगाचा त्याहून कमी. ३० मिलिॲम्पिअरच्या पुढची धारा काही काळ टिकली तर हृदयाला धोका संभवतो. येथे जवळजवळ सातपट धारेची तयारी झालेली आहे. हे गणित दहावीच्या मुलाला करता येते. ओहमच्या नियमापलीकडे त्यात काही नाही. मग ते पुस्तकात का नाही?

आता दुसरी व्यवस्था पाहा. गीझरची हिरवी तार मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपर्यंत येते आणि ती पट्टी धातूच्याच मार्गाने, केबलच्या कवचातून किंवा वेगळ्या पट्टीतून, रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत पोचते. अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या तीस मीटर तांब्याच्या तारेचा रोध ०.२ ओहम. जाण्या-येण्याचा मिळून ०.४, बाकीचे धरून अर्धा ओहम म्हणू. धारा ४६० ॲम्पिअर. एमसीबी डोळ्याचे पाते लवण्याआधी पडते. म्हणजे वाचवले ते मातीने नव्हे, तांब्याने. ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो त्या ठिकाणाजवळ, वीज कंपनीने अर्थचे टर्मिनल द्यावे असे १९५६ च्या नियमांतच आहे आणि ती तरतूद पुढेही चालू राहिली. कायद्याला ठाऊक असलेली गोष्ट क्रमिक पुस्तकाला ठाऊक नसावी, हे आम्हांला विचित्र वाटते.

पुस्तकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की गावाकडच्या पुष्कळ घरांत अशी धातूची परतवाट नसते. तेथे खरोखर घराजवळच्या नळावर आणि मातीवरच भिस्त असते. पण म्हणूनच तेथे आरसीसीबी, म्हणजे लोक ज्याला अजून ईएलसीबी म्हणतात ते उपकरण, हवेच हवे. ते फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा सतत ताडून पाहते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरच्या फरकावर पुरवठा तोडते. १५ ओहमच काय, १५०० ओहमच्या अर्थिंगलाही तिला पुरेशी धारा मिळते. मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये ती बहुधा बसवलेली असते. घोटाळा होतो तो तिच्या ‘टी’ बटणामुळे. बटण दाबले, पुरवठा गेला, म्हणजे अर्थिंग ठीक आहे असा समज सर्वत्र आढळतो. ते बटण हिरव्या तारेची परीक्षा घेतच नाही. तार मुळीच जोडलेली नसली तरीही आरसीसीबी पडेल. फक्त अशा घरात बिघाडाच्या वेळी ती पडेल ती कोणाच्या तरी अंगातून धारा गेल्यावर.

पुस्तकात ज्याचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट उरते आणि उंच इमारतीत ती अधिक महत्त्वाची आहे. चौदाव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात माणसाचा ‘जमीन’ या वस्तूशी संबंध येतो तो पायाखालच्या ओल्या स्लॅबमधून, स्लॅबमधल्या सळ्यांतून, नळातून, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून. यांपैकी दोन गोष्टींमध्ये विभवांतर असले तरच धक्का बसतो. त्या सगळ्या तांब्याने एकमेकींना जोडल्या, तर बिघाडाच्या क्षणी सगळ्यांचे विभव एकदमच वर जाते आणि मधल्या माणसातून धारा जायला कारण उरत नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याचे उदाहरण आपण वर्गात देतोच. हे तेच तत्त्व आहे. याला समविभव जोडणी म्हणावे, वायरमन ‘बाँडिंग’ म्हणतात. पुष्कळदा मात्र ते काही म्हणत नाहीत, कारण ते करत नाहीत.

घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत हे काम जस्ताच्या लोखंडी नळांनी न सांगता केलेले असे. नळ मजल्यामजल्यांतून खाली जाऊन मातीत शिरत. कित्येकांनी फ्रिजची अर्थची तार सरळ नळालाच बांधलेली होती. पद्धत चूकच होती, पण चालून जायची. मग गळके नळ काढून सीपीव्हीसीचे घातले गेले. प्लंबरने नळ बदलला, त्याबरोबर इमारतीची अर्थिंगही काढून नेली, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. नव्या टॉवरमध्ये सगळेच नळ प्लॅस्टिकचे, त्यामुळे त्यांच्या टोकाच्या धातूच्या तोटीला वेगळी जोडणी बहुधा लागत नाही. स्लॅबच्या सळ्यांची आणि इतर धातूंची मात्र लागते.

पायातल्या लोखंडाबद्दल तर आम्हांला खरोखर हळहळ वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट युफर यांनी काँक्रीटच्या पायातल्या सळ्यांचाच इलेक्ट्रोड म्हणून उपयोग केला. काँक्रीट ओलावा धरून ठेवते आणि पायाचा मातीशी स्पर्श नळाच्या कितीतरी पट असतो. वर्षांनंतर मोजले तेव्हाही रोध कमीच निघाला. जर्मनीत नव्या इमारतींसाठी पायातल्या इलेक्ट्रोडचे स्वतंत्र मानक आहे. आपल्या उपनगरांत पुनर्विकासाच्या प्रत्येक भूखंडावर पाइलमध्ये टनावारी सळ्या उतरतात, आणि शेजारीच कोळशा-मिठाचे खड्डे वेगळे खणले जातात. लॉबीतल्या संगमरवराला माहितीपत्रकात जागा असते, अर्थच्या पट्टीला नसते. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींच्या विद्युत तपासणीसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे. पण काँक्रीट ओतल्यानंतर सळ्यांना पट्टी जोडलेली होती की नाही, हे नुसते पाहून कोणालाच सांगता येत नाही. तो निर्णय पाया घालतानाच व्हावा लागतो.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. घरच्या विजेला हात न लावता तो होतो. ट्रेमध्ये ओली वाळू भरा, दोन टोकांना दोन खिळे रोवा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडा. मल्टिमीटरचे एक टोक एका खिळ्यावर ठेवून दुसरे वाळूतून सेंटिमीटर-सेंटिमीटरने पुढे न्या आणि प्रत्येक ठिकाणचे विभवांतर मांडून आलेख काढा. विभव खिळ्याजवळच्या एक-दोन सेंटिमीटरांत झपाट्याने बदलते, मधल्या लांब पट्ट्यात फारसे नाही. अर्थच्या नळाचा बहुतेक रोध त्याला लागून असलेल्या मातीतच का असतो, हे मुलांना त्यात दिसते. पावसाळ्यात विजेच्या खांबापाशी उभी असलेली गाय माणसापेक्षा अधिक धोक्यात का असते, तेही त्याच आलेखातून निघते: तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर आलेखावर मोजून पाहायला सांगा.