पंपाचा दांडा : बखर आणि अस्सल

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा डॉक्टर जॉन स्नो यांनीं काढविला आणि पटकी थांबली, ही कथा सर्वश्रुत आहे. शिक्षक असतांना आम्हीही ती पुष्कळ वर्षें मुलांस सांगितली. पटकीच्या प्रसारावरील स्नो यांच्या ग्रंथाची १८५५ ची वाढविलेली दुसरी आवृत्ति समग्र वाचल्यावर मात्र, आपण बखर सांगत होतों, अस्सल पाहिलेंच नव्हतें, हें आम्हांस कबूल करणें भाग आहे.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्रीं सांथ भडकली; दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. ७ सप्टेंबरला स्नो सेंट जेम्स पॅरिशच्या पंचांस भेटले व दुसरे दिवशीं दांडा निघाला. पण ग्रंथकार स्वतःच लिहितात कीं, लोक तत्पूर्वींच घरें सोडून पळाले होते, आणि सांथ इतकी ओसरली होती कीं, विहिरींत विष शिल्लक होतें किंवा नाहीं याचा निर्णय करतां येत नाहीं. आपल्याच यशास उणेपणा आणणारें विधान बखरकार करीत नाहीं. आमचा या ग्रंथावर विश्वास बसला तो येथेंच.

ग्रंथाचें बळ अन्वयव्यतिरेकांत आहे. पोलंड स्ट्रीटच्या दरिद्रगृहांत ५३५ माणसें, मृत्यु अवघे ५. तेथें स्वतःची विहीर होती. उलट हॅम्पस्टेडला दूर राहणारी एक विधवा दगावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचेंच पाणी आवडे व तें गाडीनें तिच्याकडे जात असे. याहूनही श्रेष्ठ प्रकरण दक्षिण लंडनचें. एकाच रस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ. पैकीं लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्सचें पाणी शहराच्या वरच्या अंगास घेई, साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनी शहरांतच. १८५४ च्या सांथींतील पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागें मृत्यु अनुक्रमें ३७ व ३१५. कथाकारांनीं हें सोडलें आणि दांडा तेवढा धरून ठेवला!

उणीव एक आहे. घाण विहिरींत शिरली कशी, हें ग्रंथांत सिद्ध झालेलें नाहीं. विटकामास भोंक आढळलें नाहीं, असेंच तेथें नमूद आहे. तो दुवा आरंभीं विरुद्ध मताचे असलेले पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनीं जुळविला. ४० क्रमांकाच्या घरांतील आजारी तान्ह्या मुलीचीं दुपटीं धुतलेलें पाणी जेथें ओतीत, तें मलकुंड विहिरीपासून तीन फुटांच्या आंत निघालें. तेव्हां संग्राहकांनीं स्नो यांच्या ग्रंथाशेजारीं व्हाइटहेड यांचा १८५५ चा अहवालही ठेवावा. १८४९ ची पहिली आवृत्ति म्हणजे लहानशी पुस्तिका; तिच्यांत ब्रॉड स्ट्रीट शोधूं नये.