सयाजीरावांचा रुपया: आधी झीज बघा, मग रंग

जुन्या नाण्याचा फोटो दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याची ग्रेड ओळखायची, हा खेळ संग्राहकांत हल्ली फार रंगतो. खेळाला हरकत नाही. पण सयाजीराव गायकवाडांच्या चांदीच्या रुपयावर निळी-जांभळी झाक दिसली की "चौसष्ट तरी नक्की!" असं म्हणून मोकळं व्हायचं, हे काही बरोबर नाही.

रंग म्हणजे काय ते आधी बघू. हवेतल्या किंवा कागद-पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थर वाढेल तसा रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा आणि बऱ्याच काळानं काळपट. म्हणजे नाणं कुठे आणि कसं ठेवलं होतं, ते रंग सांगतो. ते किती हातांतून फिरलं, हे त्यावरून कळत नाही. झिजलेल्या नाण्यालाही सुंदर रंग चढतो. गंधकाचा प्रयोग करून तो मुद्दाम चढवणारेही आहेत.

ग्रेड मुख्यतः झिजेवर ठरते. ६० च्या खाली वापरातलं नाणं, ६० ते ७० म्हणजे न वापरलेलं. त्यामुळे ५८ की ६२, हा सगळा वाद महाराजांच्या गालावर, भुवईवर आणि पगडीच्या उठावावर येऊन ठेपतो. नेमकी तिथली हलकी झीज गडद रंगाखाली झाकली जाते. यावर साधा उपाय आहे. एका दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. टांकसाळीची मूळ झळाळी असेल तर उजेडाचा पट्टा अखंड फिरतो. उंचवट्यावर तो तुटला, तर तिथे झीज आहे. ठसाच कच्चा उमटला असेल, तर नक्षी पुसट दिसते पण झळाळी बहुधा टिकून असते. एका फोटोत हा फरक कसा कळणार?

दुसरा आक्षेप मोजपट्टीवरच आहे. १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. आपल्या रुपयावरही १९४९ दिसतं, पण ते विक्रम संवत, म्हणजे इसवी सन १८९२-९३. हा रुपया यंत्रावर पाडलेला असल्यामुळे ती पट्टी त्याला निदान लावता तरी येते. त्याआधीच्या हातानं ठोकलेल्या बडोद्याच्या रुपयांचं काय? तिथे अर्धा मजकूर नाण्याबाहेर गेलेला असतो, वर सराफाच्या खुणा. ग्रेडच्या हिशेबात ती खूण म्हणजे इजा. इतिहासाच्या हिशेबात तो पुरावा आहे: नाणं कुणीतरी पारखून घेतलं, बाजारात चालवलं.

आकड्याच्या नादाचं खरं नुकसान घरोघरी होतं. "काळं पडलंय, भाव येणार नाही" म्हणून देवघरातला रुपया चिंचेनं, रांगोळीनं, टूथपेस्टनं घासला जातो. लक्ष्मीपूजनाच्या आधी तर हमखास! घासल्यावर बारीक ओरखडे उठतात, मूळ झळाळी जाते आणि ती कशानंही परत येत नाही. पुढे पन्नास वर्षांनी त्यावर पुन्हा रंग चढला, तरी खालचे ओरखडे जाणकाराला दिसतातच. मग कंपनी नुसता आकडा न देता "साफ केलेलं" असा शेरा मारते.

तेव्हा अंदाज जरूर बांधा, पण क्रम ठेवा: झीज, झळाळी, ओरखडे आणि शेवटी रंग. फोटोवरून सांगायचंच असेल, तर एक आकडा न सांगता "५५ ते ६२" असा टप्पा सांगा. आणि आजीच्या डब्यातला रुपया असेल, तर तो कुणाकडून, कधी, कसा आला ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठी मात्र नाण्याला चिकटवू नका, वेगळी ठेवा. ही माहिती कुठलीच ग्रेडिंग कंपनी देऊ शकत नाही.