'विष आढळले नाही' : एका निकालपत्राचे वाचन

विषबाधेचा संशय असलेला मृत्यू झाला, की गावात पुढचे काही दिवस एकच वाक्य ऐकू येते : 'रिपोर्ट येऊ द्या, मग कळेल.' आमच्या धामणगाव बढे येथे पोलीस ठाणे आहे, सत्र न्यायालय बुलढाण्याला आहे आणि प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा अमरावतीला. शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा मोहोरबंद बरण्यांतून प्रयोगशाळेत जातो आणि काही काळाने एक कागद परत येतो. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घरोघरी असते. तेथे या कागदावर कुणाची जन्मठेप किंवा कुणाची सुटका अवलंबून असू शकते. तो लिहिणाऱ्या तज्ज्ञाचे न्यायालयाने कितपत ऐकावे, हा प्रश्न वकिलांइतकाच विज्ञान शिकवणाऱ्यांचाही आहे. त्यासाठी आम्ही येथे एक जुने निकालपत्र परीक्षणाला घेतले आहे.

आधी कायद्याबद्दल थोडे. सामान्य साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते. स्वतःचे मत द्यायचे नसते. तज्ज्ञ हा याला अपवाद. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील ४५ व्या कलमाने विज्ञान, कला, परकीय कायदा, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील ३९ व्या कलमाने घेतली आहे. हे कलम सगळेच सांगतात. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते जुन्या कायद्यातील ५१ वे, म्हणजे नव्यातील ४५ वे कलम. मत ज्या कारणांवर उभे आहे ती कारणेही पुराव्याचा भाग आहेत, एवढेच ते सांगते. नुसते उत्तर नको, रीत दाखवा, असे आपण गणिताच्या तासाला म्हणतो, तेच हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हिमाचल प्रदेशातील सफरचंदांसंबंधीच्या जयलाल खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला : तज्ज्ञाचे काम निर्णय देण्याचे नाही, निष्कर्ष पारखून पाहण्याचे शास्त्रीय निकष न्यायाधीशाच्या हाती देण्याचे आहे.

आता निकालपत्राकडे वळू. 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य', १४ डिसेंबर १९५९. लक्ष्मीबाई कर्वे या पुण्याच्या शुक्रवार पेठेतील सधन विधवा. त्यांना मधुमेह होता. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या आपल्या डॉक्टरांबरोबर, म्हणजे लागूंबरोबर, आगगाडीने मुंबईस निघाल्या. १३ तारखेच्या पहाटे गाडी मुंबईला पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांना भलत्याच नावाने दाखल करण्यात आले आणि शुद्धीवर न येता दुपारच्या आत त्या वारल्या. कागदांवर निदान पडले : मधुमेहजन्य बेशुद्धी. देह बेवारस ठरला. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाला विष आढळले नाही. पुढे कित्येक महिने लागूंनी बाई जिवंत असल्याचे भासवले, त्यांच्या नावाने पत्रे पाठवली आणि त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक अशा मताने उचलून धरली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे. न्यायमूर्ती सरकार यांचे मत वेगळे पडले.

पहिला शास्त्रीय प्रश्न असा : विष आढळले नाही, म्हणजे विष नव्हते काय? येथे बहुमताच्या निकालपत्राला आम्ही पुरे गुण देऊ. विष सापडलेच पाहिजे असा नियम केला, तर शोधता न येणारे विष वापरणारा जाणकार खुनी कायमचा सुरक्षित होईल, हे न्यायालयाने ओळखले. रसायनाच्या शिक्षकांना हे वेगळे समजवायला नको. अज्ञात क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात तपकिरी कडे दिसले नाही, की विद्यार्थी वहीत 'नायट्रेट नाही' असे लिहून मोकळा होतो. वास्तविक त्याने 'या चाचणीला दिसण्याइतके नायट्रेट आढळले नाही' असे लिहायला हवे. शिवाय जी चाचणी केलीच नाही, तिचे उत्तर वहीत असणार तरी कसे? काही वनस्पतिज विषे अत्यल्प मात्रेत मारतात, काही शरीरात लवकर विघटित होतात आणि दहा दिवसांचा काळ त्यांना पुरून उरतो. 'आढळले नाही' या दोन शब्दांमागे कोणत्या विषांसाठी, कोणत्या रीतीने आणि किती सूक्ष्म मात्रेपर्यंत शोध घेतला, एवढी माहिती दडलेली असते. ती काढून घेणे हे उलटतपासणीचे काम.

दुसरा प्रश्न नैसर्गिक मृत्यूचा. मधुमेहजन्य बेशुद्धीची एक नेहमीची वाट असते. ती सहसा तासा-दोन तासांत येत नाही. आधी तहान, ओकाऱ्या, शरीरातील पाणी कमी होणे, खोल आणि जोराचा श्वास, श्वासाला अ‍ॅसिटोनचा वास असा तिचा क्रम असतो. रुग्णालयातील निदान या लक्षणांवर आधारलेले होते की घाईत लिहिले गेले, यावर बराच खल झाला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी, रासायनिक अहवाल कोरा आल्यावर, रुग्णालयाचे कागद समोर ठेवून मधुमेहजन्य बेशुद्धीचे कारण संभवते असे मत दिले. सरकार पक्षाच्या तज्ज्ञाने ते अमान्य केले. बहुमताने या दोन मतांचे वजन पदावरून केले नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. शवविच्छेदकाचे मत देहातून आले की दुसऱ्याच्या कागदातून, असे न्यायालयाने विचारले. एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवलेले उत्तर दोन वेगळी उत्तरे म्हणून मोजायचे नसते, हे तपासनीस शिक्षक चांगले जाणतात.

येथपर्यंत आमचे बहुमताशी जमते, पण पुढे जमत नाही. मधुमेहजन्य बेशुद्धी नव्हती असे क्षणभर मानले, तरी त्यावरून विषप्रयोग सिद्ध होत नाही. बेशुद्धीची कारणे दोनच नसतात. ही जी फट उरते, ती बहुमताने आरोपीच्या वागणुकीने बुजवली. खोटे नाव, खोटी पत्रे, लुबाडलेली मालमत्ता हे सारे घृणास्पद होते यात वाद नाही. तथापि न्यायमूर्ती सरकार यांची शंका आम्हांला रास्त वाटते. एखादा लोभी माणूस नैसर्गिक मृत्यूचाही फायदा उठवील. तो खोटे बोलला हे त्याच्या हेतूबद्दल सांगते, बाईंच्या रक्तात काय होते याबद्दल नाही. उलट बाजूने असेही म्हणता येईल, की कट आधीपासून शिजत होता असे दाखवणारा पुरावा होता आणि न्यायालयाला सगळे धागे एकत्र पाहावे लागतात. हे मान्य. पण शिक्षा फाशीची होती आणि ती भरून काढता येत नाही.

पुण्याचाच दुसरा खटला यापुढे ठेवून पाहावा. जून २००८ मध्ये तेथील सत्र न्यायालयाने प्रसादातून आर्सेनिक देऊन खून केल्याबद्दल एका तरुणीला जन्मठेप दिली. इतर पुरावाही होता. परंतु मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजणाऱ्या एका चाचणीलाही निकालपत्रात मान मिळाला. संशयिताला घटनेची वाक्ये ऐकवायची, डोक्यावरील विद्युतग्रांनी लहरी टिपायच्या आणि त्या व्यक्तीला घटनेचा 'अनुभव' आहे की केवळ ऐकीव माहिती, हे संगणकाने सांगायचे! त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचा निर्वाळा दिला होता. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या घेण्यास मनाई केली. ती मुख्यतः मूलभूत हक्कांच्या आधारावर. ही चाचणी किती वेळा चुकते, हे एवढे साधे विचारले असते तरी पुरे होते. १९५६ च्या विश्लेषकाने निदान 'आढळले नाही' एवढेच म्हटले. २००८ चे यंत्र माणसाच्या आठवणी वाचल्याचा दावा करत होते.

तज्ज्ञ स्वतःच्या विषयाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे आणि ते अकरावी-बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना उपयोगी पडेल. सॅली क्लार्क यांची दोन तान्ही मुले काही काळाच्या अंतराने दगावली. १९९९ च्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सांगितले, की अशा सुस्थितीतील घरात पाळण्यातील अकस्मात मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन मृत्यूंची शक्यता या संख्येचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. गुणाकार बरोबर आहे, पण तो करण्याचा अधिकार नाही. दोन घटना परस्परांवर अवलंबून नसतील तरच संभाव्यता गुणता येतात आणि एकाच आई-बापांच्या मुलांत आनुवंशिक कारणे समान असू शकतात. दुसरी चूक अधिक छुपी. नैसर्गिक मृत्यूंची जोडी दुर्मीळ खरी, पण आईने दोन मुले मारणेही दुर्मीळच. तुलना या दोहोंची व्हायला हवी. २००१ साली तेथील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही मुख्यतः दुसऱ्या कारणाने : शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जंतुसंसर्गाविषयीचे अहवाल पुढे आणलेच नव्हते. तोवर आईने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

पुन्हा अमरावतीहून आलेल्या कागदाकडे येऊ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमानुसार (पूर्वीचे २९३ वे) सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून घेता येतो. योग्य वाटल्यास न्यायालय त्याला बोलावू शकते. प्रयोगशाळेतील माणसांनी रोज वेगवेगळ्या न्यायालयांत खेटे घालणे परवडणारे नाही, त्यामुळे सोय समजण्यासारखी आहे. पण बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक नुसती वही पाहून थांबत नाही, तोंडीही घेतो. नव्या संहितेच्या १७६ व्या कलमाने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने आणली आहे. म्हणजे तज्ज्ञांचे कागद वाढणार. बरणीचा मोहोर शाबूत होता का, कोणत्या कीटकनाशकांसाठी चाचणी केली, कमीत कमी किती मात्रा दिसली असती, हे प्रश्न त्या कागदावर सही करणाऱ्याला विचारण्यासाठी आरोपीच्या वकिलाला थोडे रसायनशास्त्र यावे लागेल आणि ते त्याला आपल्याच शाळांतून मिळायचे आहे.